जादूगाराने जुगारी व्हावं का?

पत्त्यांच्या जादूचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात तुम्ही एक पान ओढता, बघता, परत कॅटात सरकवता. पानं पिसली जातात आणि थोड्या वेळाने तेच पान जादूगाराच्या पाकिटात, नाहीतर तुमच्याच खिशात सापडतं. दुसऱ्या प्रकारात जादूगार आधीच सांगून टाकतो की जादूबिदू काही नाही, पट्टीचा पत्तेचोर तुम्हाला कसा नागवतो तेवढं दाखवतो. मग तो पोकरचा डाव मांडून पाच जणांना पानं वाटतो. तुमच्याकडे तीन राजे येतात, तुम्ही खूश होता, आणि त्याच्यासमोर चार एक्के निघतात. अमेरिकेत या दुसऱ्या प्रकाराला रीतसर नाव आहे, गॅम्बलिंग डेमॉन्स्ट्रेशन. पत्त्यांत मुरलेल्या माणसापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतोच: जादू करायची, की जुगाऱ्याचे हात दाखवायचे?

हत्यारं दोन्हीकडे बरीचशी तीच. खोटी पिसणी, खोटी काट, तळातून पान काढणं, तळहातात पान दडवणं. फरक आहे तो दाव्यात. एक म्हणतो, हे घडलं. दुसरा म्हणतो, हे मी केलं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुगारी प्रात्यक्षिक हाही जादूचाच प्रयोग आहे, फक्त त्यात जो खुलासा केला जातो तोही बहुतेक वेळा खोटा असतो. हे ज्याला उमगलं त्याने खुशाल जुगारी व्हावं. आपण जादू सोडून काहीतरी ‘खरं’ दाखवतोय असं ज्याला वाटतं, त्याने मात्र जरा दम धरावा.

जादूगार जुगाराच्या वाटेला गेले ते आधी समाजसेवेचा झेंडा घेऊन. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे रॉबेर-उदँ यांनी 1861 साली पत्तेचोरांच्या क्लृप्त्या उघड करणारं पुस्तक काढलं. इंग्लंडच्या जॉन नेव्हिल मॅस्केलिन यांनी 1894 मध्ये तेच केलं. दोघांचाही सूर असा की भोळ्या माणसाने सावध व्हावं. दुसऱ्या महायुद्धात जॉन स्कार्न यांनी अमेरिकी सैनिकांना बरॅकीतल्या लबाडीपासून जपण्याचे धडे दिले, आणि त्याच स्कार्नचे हात 1973 च्या ‘द स्टिंग’ चित्रपटात पॉल न्यूमनच्या हातांच्या जागी दिसतात. या सगळ्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण लोकांनी पैसे मोजले ते सावध होण्यासाठी कमी आणि चोराच्या खोलीत डोकावायला मिळतं म्हणून जास्त, असं मला वाटतं.

हा झेंडा गुंडाळून ठेवला तो 1902 साली शिकागोत निघालेल्या एका पुस्तकाने. ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’, लेखक एस. डब्ल्यू. अर्डनेस. नाव खोटं. रोमन अक्षरं उलटी वाचली की ई. एस. अँड्र्यूज होतं, त्यावरून कितीतरी अँड्र्यूज तपासून झाले. मार्टिन गार्डनर यांनी 1940 च्या दशकात पुस्तकाचा चित्रकार शोधून काढला, पण लेखकाचं कोडं सुटलं नाही. हा गृहस्थ प्रस्तावनेतच कबूल करतो की लोकसुधारणेचा आपला काही इरादा नाही, पैशाची गरज आहे. पुस्तकाचा मोठा भाग डावावरच्या लबाडीला दिलेला, त्यानंतर जादूगारांच्या उपयोगाची हातचलाखी आणि शेवटी थोडे प्रयोग. भाषा काटेकोर, जवळपास शल्यचिकित्सेच्या पुस्तकासारखी. हे पुस्तक पाठ केलं ते मात्र जादूगारांनी. आजही पत्त्यांचा गंभीर विद्यार्थी अर्डनेसची पारायणं करतो.

त्या पारायण करणाऱ्यांतला सर्वांत मोठा म्हणजे डाय व्हर्नन. जन्म 1894, कॅनडातलं ओटावा. पोरवयातच अर्डनेस तोंडपाठ. 1922 मध्ये शिकागोत त्याने नामांकित जादूगार हूडिनीला चकवलं. पान कॅटात वरून दुसरं ठेवायचं आणि ते सर्वांत वर यायचं. हूडिनीने पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावलं तरी त्याला थांग लागला नाही. एके काळी स्वतःला पत्त्यांचा राजा म्हणवणारा माणूस तो, हे लक्षात घेतलं म्हणजे फजितीचं माप कळतं.

पण व्हर्ननचा खरा ध्यास जुगारी. समजा लबाडाने हवी ती पानं कॅटाच्या तळाशी जमवली. आता तळातून वाटायची एवढंच राहिलं. पण समोरचा माणूस कॅट काटतो, खालचा गठ्ठा वर जातो आणि जमवलेली पानं पोटात गडप होतात. मग एक तर ती काट कोणाच्या नकळत उलटवायची, नाहीतर थेट मधून पान काढून वाटायचं. मधून वाटणं अशक्य, असं सगळे धरून चालले होते. 1932 च्या सुमारास कॅन्ससमधल्या विचिटाच्या तुरुंगात एका कैद्याने व्हर्ननला सांगितलं की असं वाटणारा माणूस त्याने पाहिलाय. व्हर्नन घरसंसार बाजूला ठेवून शोधाला लागला आणि शेवटी मिझुरीतल्या प्लेझंट हिल या लहानशा गावात ॲलन केनेडी त्याला सापडला. केनेडीने वर्षानुवर्षं एकट्याने घासून ती युक्ती साधली होती. कार्ल जॉन्सन यांनी 2005 मध्ये या शोधावर अख्खं पुस्तक लिहिलं.

इथे व्हर्ननची निवड बघण्यासारखी आहे. एवढा आटापिटा करून मिळवलेली ती युक्ती घेऊन तो गावोगाव ‘बघा, मधून वाटतो’ म्हणत फिरला नाही. जुगाऱ्यांकडून त्याने घेतली ती काटकसर. डावावर बसलेला लबाड एकही वावगी हालचाल करू शकत नाही, कारण तिथे चूक झाली तर हशा होत नाही, हाडं मोडतात. तोच सहजपणा त्याने जादूत आणला. त्याचा ‘ट्रायम्फ’ हा प्रयोग घ्या. अर्धी पानं सुलटी, अर्धी उलटी करून एकत्र पिसायची, सगळा चुथडा करायचा, आणि क्षणात सगळी पानं एका अंगावर होतात, फक्त तुम्ही निवडलेलं पान उलटं राहतं. त्याच्या मुळाशी जुगाऱ्यांची खोटी पिसणी आहे. प्रेक्षकाला तिचा वाससुद्धा लागत नाही. जुगाऱ्याचा माल वापरून निखळ जादू. पुढे 1992 मध्ये वारण्याआधीची कित्येक वर्षं हॉलिवूडच्या मॅजिक कॅसल या जादूगारांच्या क्लबात बसून त्याने दोन-तीन पिढ्या घडवल्या. त्यांतल्या बऱ्याच शिष्यांनी मात्र नेमका तो माल दुकानाच्या दर्शनी भागात मांडला.

दर्शनी भागात मांडल्यावर काय होतं, ते दुसरं पान वाटण्याच्या युक्तीवरून बघू. सेकंड डील म्हणतात तिला. कॅट डाव्या हातात. वरचं पान एक्का आहे हे लबाडाला ठाऊक आहे आणि तो आपल्या पाळीपर्यंत राखून ठेवायचाय. डाव्या अंगठ्याने वरचं पान केसभर खाली घेतलं की दुसऱ्या पानाचा कोपरा उघडा पडतो. उजव्या अंगठ्याने तो कोपरा टिपून दुसरं पान बाहेर ओढायचं, आणि त्याच लयीत वरचं पान जागेवर. सगळ्यांना दिसतं की वरचं पान गेलं. दगा देणाऱ्या दोन गोष्टी. एक आवाज: दोन पानांच्या मधून निघणारं पान जास्त घासतं, सराईत कान ते ओळखतो. दुसरी पाठ: पानाच्या पाठीला पांढरी किनार असेल तर वरचं पान जागचं हललंच नाही हे किनार सांगून टाकते. म्हणून या कामाला ‘बी’ छापाचे, बिनकिनारीच्या चौकड्यांचे पत्ते लाडके. सगळी पाठ एकसारखी, नजर ठरायला जागा नाही.

आता ही युक्ती अगदी निर्दोष साधली असं समजा. प्रेक्षकाला काय दिसलं? एक माणूस पानं वाटतोय. बस्स. टाळी कशाला वाजवायची? म्हणून प्रात्यक्षिकवाला वरचं पान सुलटं करतो, बदामचा राजा दिसू देतो, आणि त्याच्याखालून पान, पान, पान काढत राहतो. राजा हलत नाही. आता टाळी येते. पण राजा सुलटा ठेवून जगातला कुठला लबाड वाटेल? प्रात्यक्षिकाचा पुरावा हा फक्त प्रात्यक्षिकासाठीच जन्मलेला असतो. चोरी दिसली पाहिजे ही रंगमंचाची गरज, दिसता कामा नये ही चोराची. या दोहोंत जे काही उभं राहतं ते नाटकच असतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

खरी लबाडी बहुतेक वेळा फार रुक्ष असते. कॅराव्हाज्जोने 1594 च्या सुमारास पत्तेचोर रंगवले. ते चित्र टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. एक कोवळा पोरगा आपल्या पानांत गुंग, त्याच्या मागून एक दाढीवाला पानं बघून बोटांनी खूण करतोय, आणि समोरच्या साथीदाराचा हात पाठीमागे कमरेत खोचलेल्या पानांकडे वळलाय. बोटांची कसरत कुठेही नाही. साथीदार, खूण आणि लपवलेलं पान. त्यानंतर चार शतकं उलटली तरी हिशेब फारसा बदललेला नाही. अमेरिकेत ‘ट्रॅन’ टोळीवर 2007 मध्ये आरोपपत्र दाखल झालं. अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीसच्या वर कसिनोंना या टोळीने लाखो डॉलरचा गंडा घातला होता. युक्ती काय? पानं वाटणाऱ्या नोकराला फोडायचं आणि बॅकरा या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर पानांचा एक गठ्ठा न पिसता तसाच राहू द्यायचा. एकच खोटी पिसणी, तीही साधी. बाकी सगळं माणसं फोडण्याचं काम.

पोकरचा नामांकित खेळाडू फिल आयव्ही याचं प्रकरण तर त्याहून बोलकं आहे. 2012 मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्स क्लबात त्याने सुमारे 77 लाख पौंड जिंकले. पानाला बोटही लावलं नाही. छपाईत पाठीच्या नक्षीची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा किंचित वेगळी कापली गेली होती. शुभशकुनाचं निमित्त सांगून ठरावीक पानं वाटणारीकडूनच फिरवून घेतली, आणि पुढच्या डावांत कडेवरून पान ओळखलं. क्लबाने पैसे दिले नाहीत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ही फसवणूकच ठरवली. रंगमंचावर यातलं काय दाखवणार? एक माणूस विनंती करतो आणि खुर्चीत बसून राहतो.

स्टीव्ह फोर्ट यांना हे पक्कं ठाऊक आहे. लास व्हेगसमध्ये पानं वाटण्यापासून सुरुवात करून पुढे ते कसिनोंचे सुरक्षा सल्लागार झाले. त्यांचं 2004 चं पुस्तक कसिनोंच्या बचावाचं आहे, तर 2020 मध्ये आलेलं दोन खंडांचं पुस्तक निव्वळ हातचलाखीचं. एकाच माणसाने दोन दुकानं वेगळी ठेवली, ही मला फार समजूतदारपणाची खूण वाटते.

उलट टोकाचंही उदाहरण आहे. जगभर हौशी लोक दहा पानांचं पोकर दाखवतात. जाणकारांनी माफ करावं, कित्येक पुस्तकांत छापून झालेलं गुपित आहे. तीन राजे, तीन दश्श्या, तीन सत्त्या आणि एक एकांडी दुर्री. दोघांना पाच-पाच पानं. कशीही वाटा, प्रेक्षकाला पिसू द्या, निवडू द्या. ज्याच्याकडे ती दुर्री गेली तो हरला. ताडून बघा. दुर्रीवाल्याला तीन सारखी पानं आली तर समोरच्याकडे तीन अधिक दोन असा भरलेला हात असतो. त्याच्याकडे दोन जोड्या आल्या तर समोरच्याकडे तीन सारखी. एकच जोडी आली तर समोर दोन जोड्या. दुर्री कुठे आहे यावर नजर ठेवली की काम झालं. यात हातचलाखी शून्याच्या आसपास, आणि असा डाव जगात कोणी पैसे लावून खेळत नाही. पण कलावंत सांगतो काय? ‘पत्तेचोर असाच जिंकतो.’ प्रेक्षक मान डोलावतो.

ट्रायम्फमध्ये जुगाऱ्याची हातचलाखी आणि ती कबूल नाही. दहा पानांच्या पोकरमध्ये कबुली भरपूर आणि हातचलाखी नाही. म्हणून ‘खरं कौशल्य दाखवू की फसवू’ अशी मांडणी मला पटत नाही. फसवणूक दोन्हीकडे आहे. निवडायचं ते एवढंच, की घरी जाताना प्रेक्षकाच्या डोक्यात कुठलं उत्तर ठेवायचं.

या बाबतीत स्पेनचे जादूगार हुआन तामारिझ यांचा विचार उपयोगी पडतो. त्यांची मांडणी अशी की प्रेक्षकाचं मन सतत उलगड्याच्या वाटा धुंडाळत असतं. बाहीत लपवलं असेल, पान दोन असतील, कोणीतरी सामील असेल. जादूगाराने एकेक वाट आधीच बंद करत न्यायची, इतकी की शेवटी प्रेक्षकाला जायला वाटच उरू नये. जुगारी प्रात्यक्षिक याच्या नेमकं उलट वागतं. ते एक वाट मुद्दाम उघडी ठेवतं: हात चपळ आहेत. प्रेक्षक त्या वाटेने आनंदाने बाहेर पडतो. आणि एकदा ती वाट सापडली की त्यानंतर तुम्ही काहीही करा, लिंबातून त्याची सहीची नोट काढा, तो त्याच वाटेने जाणार. म्हणून एकाच कार्यक्रमात दोन्ही करायचं असेल तर जुगार शेवटी ठेवावा. मधे ठेवणाऱ्यांचे पुढचे प्रयोग पडतात, आणि ‘आज लोक थंड होते’ असं म्हणत ते घरी जातात.

मग चपळ हातांची वाट उघडी ठेवूनही चकित कसं करता येतं? ते ज्यांनी साधलं त्यांच्याकडे बघितलं तर एक गंमत दिसते. रिचर्ड टर्नर या अमेरिकी पत्तेबाजाची दृष्टी नवव्या वर्षी आजारपणात अधू व्हायला लागली आणि पुढे पूर्ण गेली. तो स्वतःला जादूगार म्हणवून घेत नाही. कार्ड मेकॅनिक म्हणा, असा त्याचा हट्ट असतो. पत्ते बनवणारी कंपनी पानांचा कागद पारखायला त्याच्या बोटांवर भरवसा ठेवते. त्याच्यावरचा ‘डेल्ट’ हा माहितीपट 2017 चा. अर्जेंटिनाचे रेने लावांद यांना लहानपणीच्या अपघातात उजवा हात गमवावा लागला. 2015 मध्ये वारेपर्यंत ते एका डाव्या हाताने, आणि तेही मुद्दाम संथ, पत्ते करत राहिले. या दोघांनी वाट बंद केली नाही. कौशल्य हेच उत्तर आहे, हे त्यांनी मान्य केलं. फक्त डोळ्यांशिवाय किंवा एका हाताने हे कौशल्य असूच कसं शकतं, हा प्रश्न उत्तरापेक्षा मोठा होऊन बसतो. आपण घरी आरशासमोर केलेला सराव कितीही निष्ठेचा असला तरी तो प्रेक्षकाला एवढा मोठा प्रश्न पाडत नाही. सामान्य डोळ्यांच्या, दोन हातांच्या कलावंताला दुसरं काहीतरी लागतं.

रिकी जे यांच्याकडे ते होतं. ‘रिकी जे अँड हिज फिफ्टीटू असिस्टंट्स’ हा त्यांचा 1994 चा न्यूयॉर्कमधला एकपात्री प्रयोग डेव्हिड मॅमेट यांनी बसवला. त्यात पोकरचे हात होते, पान फेकून कलिंगडात रुतवणं होतं आणि जुन्या भामट्यांचे किस्से होते. जे हे मुळात ग्रंथवेडे, फसवणुकीच्या इतिहासाचे अभ्यासक. त्यांच्या तोंडून पत्तेचोराची गोष्ट ऐकताना बोटं हा त्या गोष्टीतला एक तपशील होऊन जायची. प्रात्यक्षिकाला गोष्ट लागते, आणि गोष्टीत पणाला काहीतरी लागलेलं असावं लागतं. नुसते ‘आता तळातून, आता दुसरं, आता मधून’ असे नग मांडले की ते जाणकारांच्या वर्तुळात कौतुकाचे होतात, बाहेर कंटाळ्याचे. मोबाइलच्या पडद्यावर तीस सेकंदांत हे नग खपतात खरे, पण तिथे बघणारा बहुतेक स्वतःच पत्ते घेऊन बसलेला असतो.

आपल्याकडे हा प्रकार करणाऱ्यांची एक अडचण तर सरळसरळ उसनवारीची आहे. पोकरचा रॉयल फ्लश दाखवला तर निम्म्या सभागृहाला तो मोठा हात आहे हेही सांगावं लागतं. सांगावं लागलं की मजा गेली. गोव्यात मांडवी नदीतल्या तरंगत्या कसिनोंमुळे पोकर, बॅकरा ही नावं कानावर आली आहेत, पण कसिनोत पानं बहुधा डब्यातून निघतात आणि डोक्यावर कॅमेरे असतात. डाव्या हातात कॅट धरून एकाने सगळ्यांना वाटायची जुनी गंमत तिथे नाही. ती उरली आहे दिवाळीच्या बैठकीत, गोकुळाष्टमीच्या रात्री, लग्नघरातल्या वरच्या खोलीत. तिथे खेळ असतो तीन पत्ती, आणि त्यात ट्रेल म्हणजे काय हे कोणाला समजवावं लागत नाही. तीन पानांचे 22,100 हात होऊ शकतात, त्यांतले फक्त 52 ट्रेल; म्हणजे 425 हातांत एक. तंत्रदृष्ट्याही सोय अशी की पोकरमध्ये चार एक्के स्वतःकडे आणायचे तर चार पानं सांभाळावी लागतात, इथे तीनच.

आणि तीन पत्तीत एक नाट्य आहे जे पोकरमध्ये नाही: ब्लाइंड. पानं बघणाऱ्याला जेवढी रक्कम लावावी लागते, त्याच्या निम्मीच न बघता खेळणाऱ्याला. प्रात्यक्षिकवाल्याने शेजारच्या काकांना तीन राजे वाटावेत आणि स्वतःच्या पानांना हातही लावू नये. काका पानं बघणार, चेहरा शक्य तितका कोरा ठेवणार, आणि दर चालीला दुप्पट टाकत राहणार. हा ब्लाइंड, ब्लाइंड म्हणत निम्म्यात खेळत राहणार. काकांना तीन राजे दिले नाहीत तर ते दुसऱ्याच चालीला पॅक करतील, आणि मग याचे तीन एक्के कोणाला दाखवायचे?